रेणू घडविणाऱ्यांची उमेदवारी

औषधाची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळताना तिच्यातला मूळ पदार्थ निसर्गात सापडला की कोणी माणसाने घडविला, आणि घडविला असल्यास ते कसब त्याला कोणी शिकविले, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. डॉक्टर आणि औषधविक्रेता आपल्या परिचयाचे असतात. पण ज्यांच्या हातून तो रेणू आकारास येतो त्या संश्लेषक सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञांचा वर्ग, माटुंग्यापासून पाषाणपर्यंत आणि तारापूरपासून लोटे-परशुरामपर्यंत महाराष्ट्रात सर्वत्र वावरत असूनही, सुशिक्षित घरांना जवळजवळ अपरिचित राहिला आहे. मुलगी ‘ऑरगॅनिकमध्ये पीएच.डी. करते’ एवढे आईवडील अभिमानाने सांगतात, परंतु त्या पाच-सहा वर्षांत ती सकाळपासून रात्रीपर्यंत काय करते हे त्यांनाही ठाऊक नसते. ते सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. कारण वडीलधाऱ्याच्या नजरेखाली राहून हातानेच शिकावी लागते अशा ज्या थोड्या विद्या आधुनिक विज्ञानात उरल्या आहेत, त्यांत या विद्येचे स्थान फार वरचे आहे, असे माझे मत आहे.

सजीवांच्या देहातले पदार्थ प्रयोगशाळेत बनविता येणार नाहीत, त्यांना काही जीवनशक्ती लागते, ही समजूत 1828 साली फ्रीडरिश वोलर यांनी मूत्रातला यूरिया निर्जीव क्षारांपासून तयार केला तेव्हा डळमळू लागली. पुढे 1856 साली विल्यम पर्किन नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने लंडनमध्ये कोयनेल बनविण्याचा घाट घातला. कोयनेल हाती आले नाही, पण भांड्याच्या तळाशी उरलेल्या काळ्या गाळातून जांभळा रंग निघाला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा अवाढव्य उद्योग उभा राहिला. पर्किनला कोयनेल साधणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या काळी त्या रेणूची रचना कोणालाच माहीत नव्हती; कोणता अणू कोणत्या अणूला जोडलेला आहे हे कळल्यावाचून रेणू बांधायला घेणे म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला ठेवणे होते.

रचना कळल्यावर मात्र विचाराची एक पद्धत हाती येते, आणि तिची शिस्त हार्वर्डचे ई. जे. कोरी यांनी इतकी नेटकी बसविली की 1990 चे नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः त्यासाठीच मिळाले. जो रेणू घडवायचा त्याची आकृती कागदावर काढावी, त्यातला कोणता बंध सर्वांत शेवटी जुळविणे सोयीचे होईल ते ठरवावे, तो बंध मनाने तोडावा, उरलेल्या तुकड्यांविषयी पुन्हा तोच विचार करावा, आणि असे मागे मागे जात बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या एखाद्या साध्या पदार्थापाशी येऊन थांबावे. नवख्या विद्यार्थ्याला यात मोठी मौज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. परंतु कागदावरच्या वाटेला एक निर्दय हिशेब लागू आहे: वीस पायऱ्यांची वाट असली आणि प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी भाग हाती आले, म्हणजे विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रत्येक पायरी उत्तम साधली, तरी अखेरीस शंभरातला जेमतेम एक भाग शिल्लक राहतो. तोच रेणू दहा-दहा पायऱ्यांच्या दोन अर्ध्यांत वेगवेगळा बांधून शेवटी ते अर्धे जोडले, तर आठ भागांहून थोडे अधिक उरतात. म्हणूनच वाट आखण्यातली अक्कल ही या शास्त्रात केवळ शोभेची बाब नाही.

आता हाताचे काम. एम.एस्सी.पर्यंतच्या ‘प्रॅक्टिकल’मध्ये ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असेच पदार्थ विद्यार्थी बनवितो, नेट-जेआरएफची परीक्षा पार करून तो संशोधन प्रयोगशाळेत रुजू होतो तेव्हा ज्याचे उत्तर कोणालाच माहीत नाही असा पदार्थ त्याच्या पुढ्यात येतो. ग्रिन्यार यांची प्रसिद्ध अभिक्रिया पुस्तकात एका ओळीची आहे. प्रत्यक्षात ईथर कोरडे करण्यापासून सुरुवात. टीएचएफ हे द्रावक वापरायचे असेल तर ते सोडियमच्या तुकड्यांवर, बेन्झोफेनोन घालून, नायट्रोजनच्या आवरणाखाली उकळत ठेवायचे, आणि त्याला गडद निळा रंग चढला म्हणजे पाण्याचा अंश संपला असे समजून ऊर्ध्वपातन करून घ्यायचे. काचेची भांडी भट्टीत तापवून घ्यायची. मॅग्नेशियमच्या कातरांवर थोडा हॅलाइड सोडायचा, आयोडीनचा एक खडा टाकायचा आणि वाट पाहायची. पुष्कळ वेळ काहीच घडत नाही. मग आयोडीनचा तपकिरी रंग फिका होतो, धातूच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे उठतात आणि बाहेरून उष्णता न देता द्रावक आपोआप उकळू लागते. या क्षणी उरलेला हॅलाइड किती वेगाने सोडायचा हे ज्याला कळत नाही, त्याची अभिक्रिया एक तर विझते किंवा आवरेनाशी होते. ही जाण पुस्तकातून येत नाही. शेजारच्या टेबलावरचा सीनियर ‘आता थांब’ म्हणतो तेव्हा ती येते.

अभिक्रिया चालू असताना आत काय चालले आहे हे पाहण्याचे नित्याचे साधन म्हणजे टीएलसी. सिलिकाचा पातळ थर असलेल्या पट्टीवर, तळापासून थोडे वर, काचेच्या केसासारख्या नळीने तीन ठिपके शेजारी शेजारी लावायचे: मूळ पदार्थाचा, अभिक्रियेतल्या मिश्रणाचा, आणि मधोमध दोन्ही एकावर एक. पट्टी हेक्झेन आणि एथिल ॲसिटेटच्या मिश्रणात उभी केली की द्रावक वर चढते आणि आपल्याबरोबर पदार्थांना कमीअधिक उंचीवर नेते. अतिनील दिव्याखाली हिरव्या पार्श्वभूमीवर काळसर ठिपके दिसतात. जे दिसत नाहीत ते परमँगनेटच्या द्रावणात बुडवून तापविल्यावर जांभळ्यावर पिवळे उमटतात. मूळ पदार्थाचा ठिपका नाहीसा होऊन नवा एकच उमटला तर दिवस चांगला. पाच-सहा उमटले तर पुढचे दोन दिवस सिलिकाचा कॉलम भरून त्यांना वेगळे करण्यात जातात, आणि कॉलम भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला किंवा चीर पडली तर आधी वेगळे झालेले पदार्थही पुन्हा एकमेकांत मिसळतात. यानंतर एनएमआरचा आलेख. त्यातल्या शिखरांवरून हायड्रोजनचे अणू कोणत्या शेजारात आहेत ते वाचता येते, आणि आपण बनविले असे समजत होतो तो पदार्थ हाच की दुसराच, याचा निवाडा होतो.

स्फटिकीकरणाचा उल्लेख मी मुद्दाम निराळा करतो. गरम द्रावकात पदार्थ विरघळवून सावकाश निवू दिला की शुद्ध स्फटिक खाली बसावेत अशी अपेक्षा असते. पण तेलासारखा चिकट थर जमून बसतो आणि काही केल्या घट्ट होत नाही, हा अनुभव प्रत्येकाला येतो. मग काचेच्या कांडीने भांड्याच्या आतल्या बाजूवर ओरखडे काढायचे, पूर्वी मिळालेल्या स्फटिकाचा एखादा कण असेल तर तो बी म्हणून टाकायचा, नाहीतर द्रावक बदलून पुन्हा आरंभ करायचा. यंत्रांनी सुसज्ज असलेल्या आजच्या प्रयोगशाळेतही यापेक्षा फार वेगळा उपाय कोणाजवळ नाही.

असफल प्रयोगांची संख्या सफल प्रयोगांहून नेहमीच मोठी असते, आणि या विद्येची खरी परीक्षा तेथेच होते. नोंदवहीत न साधलेली अभिक्रियाही तितक्याच निगुतीने लिहिली पाहिजे: किती ग्रॅम, कोणते तापमान, किती वेळ, रंग कसा बदलला, कोणत्या बाटलीतला अभिकर्मक. ज्या मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत अशा नोंदीला महत्त्व दिले जाते, तेथला विद्यार्थी दोन वर्षांनंतर अपयशाचे कारण शोधू शकतो. जेथे केवळ छापण्याजोग्या निष्पत्तीचीच विचारपूस होते, तेथे ते ज्ञान वाया जाते आणि पुढचा विद्यार्थी त्याच चुका नव्याने करतो. मला हे आपल्याकडच्या प्रशिक्षणातले मोठे न्यून वाटते.

ही विद्या व्यक्तीकडून व्यक्तीकडे कशी जाते याचा एक दाखला महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट रॉबिन्सन यांनी 1917 साली ट्रोपिनोन नावाचा पदार्थ तीन साध्या द्रव्यांपासून एकाच भांड्यात बनविला. त्याआधी रिशार्ड विलष्टेटर यांनी तोच पदार्थ डझनाहून अधिक पायऱ्यांनी बनविला होता आणि शंभरातला एक भागही त्यांच्या पदरी पडला नव्हता. रॉबिन्सन यांच्या हाताखाली मँचेस्टरला तयार झालेले के. वेंकटरामन लाहोरमार्गे मुंबईस आले, 1933 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘यूडीसीटी’चे, 1938 साली पहिले भारतीय संचालक झाले, आणि 1957 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदी आले. रंगद्रव्यांच्या रसायनावरचा त्यांचा बृहद्ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला, आणि एका अभिक्रियेला आजही बेकर यांच्या जोडीने त्यांचे नाव आहे. यूडीसीटीत शिकून पुण्यात त्यांच्याजवळ पीएच.डी. केलेले ए. व्ही. रामा राव पुढे हार्वर्डला कोरी यांच्याकडे काम करून परतले आणि कालांतराने हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. रॉबिन्सन यांचाच दुसरा शिष्य अलेक्झांडर टॉड; त्यांच्याकडे केंब्रिजला पीएच.डी. केलेले युसुफ हमीद मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख झाले.

एकाच मूळ पुरुषाच्या या दोन शाखा एका रेणूपाशी एकत्र आल्या. 1964 साली जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनविलेला आणि निरुपयोगी ठरलेला एझेडटी हा पदार्थ एड्सच्या विषाणूला रोखतो असे पुढे आढळले, आणि 1987 साली अमेरिकेत तो औषध म्हणून मंजूर झाला. पण त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ तो बनविण्याच्या कृतीवर दिली होती. त्यामुळे निराळ्या वाटेने तोच रेणू घडविण्याची मुभा होती, आणि ही मुभा 2005 पर्यंत टिकली. रामा राव यांच्या संस्थेने अशी वाट काढून दिली आणि सिप्लाने एझेडटी भारतात आणले. त्याच कंपनीने 2001 साली तीन औषधांचा वर्षभराचा एड्सउपचार 350 डॉलरांत देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचारास दहा हजार डॉलरांहून अधिक पडत होते. कायदा मुभा देऊ शकतो, परंतु तिचा उपयोग करणारे हात नसते तर ती कागदावरच राहिली असती. आणि ते हात मँचेस्टर, केंब्रिज, माटुंगा, पुणे, हैदराबाद अशा फळीने तयार होत आले होते.

विद्यापीठातले संश्लेषण आणि कारखान्यातले संश्लेषण यांत मात्र मोठे अंतर आहे. वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी बी-12 जीवनसत्त्वाचे संश्लेषण हार्वर्ड व झुरिक येथे सुमारे शंभर सहकाऱ्यांच्या अकरा-बारा वर्षांच्या श्रमाने पुरे केले आणि 1972 साली नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वुडवर्ड यांनी त्याचे विवेचन केले. पण जगाला लागणारे बी-12 आजही सूक्ष्मजंतूंकडूनच घेतात, कारण त्या लांबलचक वाटेने ते कोणालाच परवडणार नाही. कारखान्यात जाणाऱ्या रसायनज्ञाला प्रथम हाच विचार शिकावा लागतो. वाटीतली आमटी निवते तितक्या लवकर पंगतीच्या पातेल्यातली निवत नाही. त्याच न्यायाने, फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्याने सहज आटोक्यात राहणारी उष्णता हजारो लिटरच्या रिॲक्टरमध्ये कोंडून राहते आणि स्फोटापर्यंत मजल जाऊ शकते. ईथर तेथे चालत नाही, सिलिकाचा कॉलम परवडत नाही, म्हणून पदार्थ स्फटिकरूपानेच शुद्ध व्हावा अशी अभिक्रिया शोधावी लागते, द्रावक परत मिळवून पुन्हा वापरावे लागते आणि सांडपाण्याचा जबाब प्रदूषण मंडळाला द्यावा लागतो. या कामाला प्रतिष्ठा कमी आहे; माझ्या मते ती वाढायला हवी, कारण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीची किंमत अखेर येथेच ठरते.

तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.एस्सी. होऊन या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी मार्गदर्शक निवडताना केवळ त्याच्या निबंधांची संख्या पाहू नये. प्रवेशापूर्वी त्या प्रयोगशाळेत एक दिवस जाऊन बसावे. धूरकपाटाची काच खाली ओढून काम चालते की वर उघडी ठेवून, डोळ्यांवर चष्मा असतो की कपाळावर, हे पाहावे. तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडते का, रखडली तर मार्गदर्शक त्यासाठी कोणाकडे खेटे घालतो का, हे सीनियरांना निःसंकोच विचारावे. आणि शक्य झाल्यास, दोन वर्षांपूर्वीची एखादी नोंदवही उघडून, न साधलेल्या प्रयोगाचे पान कसे लिहिले आहे ते वाचावे.