अर्धी उतरलेली फाईल : युजनेट आणि डाउनलोडची प्राथमिक ओळख

वर्षावासात रोज सायंकाळी वंदनेनंतर आपल्या सभागृहात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी शाळेतील छापील प्रतीची बांधणी सुटली, म्हणून आम्ही संगणक कक्षातील मंडळींनी मोबाईलवर आलेली पीडीएफ पडद्यावर दाखविण्याचे ठरविले. दोन आठवडे वाचन सुरळीत चालले. तिसऱ्या आठवड्यात एका सायंकाळी पान उलटले आणि पुढे कोरी पाने लागली. मुखपृष्ठ होते, अनुक्रमणिका होती. पुढचा मजकूर मात्र नव्हता. कोणाच्या तरी फोनवर फाईल अर्धीच उतरली होती आणि तशीच ती हातोहात पुढे गेली होती. त्या दिवशी वाचन थांबले. दुसऱ्या दिवशी जुनी प्रत दोऱ्याने शिवून आम्ही पुढे गेलो.

फाईल पूर्ण आली की नाही हे कसे ओळखावे, याची रीत तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. ती शोधता शोधता आम्ही युजनेट नावाच्या एका जुन्या व्यवस्थेपाशी पोहोचलो. आज तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु तुटक्या दूरध्वनीवरून मजकूर अखंड कसा पोहोचवावा, हा प्रश्न तिथल्या लोकांनी फार पूर्वी हाताळला होता.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ साली युजनेटची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते सुरू झाले. चावडीवरील सूचनाफलकासारखी ही रचना आहे. फरक इतकाच, की हा फलक एका चावडीवर नसतो. एका सर्व्हरवर कोणी लेख टाकला, की तो सर्व्हर शेजारच्या सर्व्हरला त्याची प्रत देतो, शेजारचा त्याच्या शेजाऱ्याला, आणि असे करीत तो लेख जगभर पसरतो. मध्यभागी कोणी मालक बसलेला नसतो. एक सर्व्हर बंद पडला तरी लेख इतरांकडे राहतात. विषयवार विभागांना न्यूजग्रुप म्हणतात आणि त्यांची नावे पत्त्यासारखी टिंबांनी जोडलेली असतात. ‘सोक’ म्हणजे समाजविषयक, ‘कॉम्प’ म्हणजे संगणकविषयक, ‘टॉक’ म्हणजे वादचर्चा. ‘टॉक.रिलिजन.बुद्धिझम’ या नावाचा न्यूजग्रुप होता, तसाच ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ हाही होता.

या मराठी न्यूजग्रुपविषयी आम्हाला विशेष आस्था वाटते. नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेली मराठी माणसे नव्वदीच्या दशकात तेथे एकमेकांशी बोलत. देवनागरी अक्षरे त्या व्यवस्थेतून धडपणे जात नसत, म्हणून मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. दीर्घ ‘आ’ कसा दाखवावा, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे कसे ठेवावेत, असे साधे प्रश्न मोठे होऊन बसत. अविनाश चोपडे यांनी तयार केलेली ‘आयट्रान्स’ ही लिप्यंतर पद्धती याच काळात रुळली. रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर ती देवनागरीत छापून देई. आज मोबाईलवर सहज मराठी लिहिताना या खटाटोपाची आठवण कोणाला राहील? भारतात तर सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तेव्हाच्या ९.६ किलोबिट वेगाने १० एमबीची फाईल उतरवावयास, ओळ एकदाही तुटली नाही तरी, सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागे.

ज्यांना युजनेट स्वतः पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी वाट सोपी आहे. पूर्वी गूगल ग्रुप्समधून ते वाचता येई. परंतु २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे नवे लेख येणे बंद झाले असून केवळ जुना संग्रह शोधता येतो. आता संगणकावर थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम घ्यावा. ईमेलसाठी तो अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यातच न्यूजग्रुपसाठी स्वतंत्र खाते जोडण्याची सोय आहे. सर्व्हर म्हणून ‘इटर्नल सप्टेंबर’ ही विनामूल्य सेवा पुरते. तेथे नोंदणी केली की नाव व पासवर्ड मिळतो. खाते जोडताना सुरक्षित जोडणी निवडून ५६३ हा पोर्ट क्रमांक द्यावा. मग न्यूजग्रुपांची यादी उतरते आणि हवे त्यांचे सभासद होता येते. या सेवेवर केवळ मजकूर असतो, फायली नसतात. नवख्यासाठी तेच बरे.

‘इटर्नल सप्टेंबर’ म्हणजे न संपणारा सप्टेंबर. या नावामागे एक गंमत आहे, आणि वसतिगृहात वाढलेल्यांना ती चटकन कळेल. अमेरिकेत सप्टेंबरच्या सुमारास विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, युजनेटवर गोंधळ घालीत, आणि जुनी मंडळी महिन्याभरात त्यांना रीतभात शिकवीत. आपल्याकडे जूनमध्ये नवी मुले आली की नळाची रांग, ताटे घासण्याची पाळी आणि वंदनेला बसण्याची जागा मोठी मुले शिकवितात, तसेच ते होते. १९९३ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना ते दार मोकळे करून दिले. लोंढा थांबेना, शिकविणारे अपुरे पडले. तो सप्टेंबर संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. म्हणून कोणत्याही न्यूजग्रुपात गेल्यावर पहिले काही दिवस केवळ वाचावे. लिहावयाचे झाल्यास साध्या मजकुरात लिहावे, ज्याला उत्तर देत आहोत त्याचा नेमका भाग तेवढा ठेवावा, आणि मोबाईल क्रमांक वा घरचा पत्ता कधीही लिहू नये. तेथे टाकलेला लेख पुढे असंख्य सर्व्हरांवर जातो; तो सगळीकडून परत घेता येईल, याची खात्री नसते.

आता फायलींकडे वळू. युजनेट मजकुरासाठी घडले होते. चित्र किंवा प्रोग्राम पाठवावयाचा तर आधी त्याचे अक्षरांत रूपांतर करावे लागे. फाईल मोठी असेल तर तिचे शंभर-दोनशे तुकडे होत आणि वाटेत एखादा तुकडा गळे. यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. समजा, आपल्याला ७, ५ आणि ८ हे तीन अंक पाठवावयाचे आहेत. त्यांच्यासोबत बेरीज २० हीदेखील पाठविली, तर ५ हरवला तरी पलीकडचा माणूस २० मधून १५ वजा करून तो परत मिळवितो. ‘पार’ नावाच्या जादा फायली याच तत्त्वावर, अधिक कठीण गणिताने, गहाळ तुकडे भरून काढतात. आज युजनेटवरून फायली उतरविण्याच्या सशुल्क सेवा आहेत. परंतु तेथील पुष्कळसा माल चोरीचे चित्रपट आणि चोरीचे प्रोग्राम असा असतो. आपल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातून घेण्यासारखे आहे ते तंत्र.

तेच तंत्र साध्या वेबवरून फाईल उतरविताना उपयोगी पडते. भिवंडीतल्या पालकांना ते मागाच्या भाषेत सांगितलेले बरे. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, कारागीर गाठ मारतो आणि कापड तिथून पुढे विणले जाते. आख्खा तागा कोणी पुन्हा पहिल्यापासून विणत नाही. चांगले डाउनलोड साधन हेच करते. वीज गेली किंवा नेट तुटले, तर ते सर्व्हरला सांगते, “इतके बाइट माझ्याकडे आले आहेत, त्यांच्या पुढचे दे.” ‘वीगेट’ हे जुने, साधे आणि भरवशाचे साधन आहे, आज्ञा टंकण्याचा कंटाळा असेल तर ‘फ्री डाउनलोड मॅनेजर’ वापरावा. मात्र समोरच्या सर्व्हरने ही सोय दिलेली असावी लागते. नसेल तर पुन्हा आरंभापासून सुरुवात, त्याला इलाज नाही. साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. हिरवे, मोठे ‘डाउनलोड’ बटण बहुधा जाहिरातीचे असते, आणि ग्रंथ म्हणून आलेल्या फाईलच्या नावाचा शेवट ‘एक्सई’ किंवा ‘एपीके’ असा असेल तर ती उघडूच नये.

उतरवावे काय, याचे उत्तर आपल्या समाजाला शोधावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून काढले. त्यांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली, इतकी त्यांची टंचाई झाली होती. हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्व हक्क २०१६ अखेर संपला, आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघालेल्या मूळ इंग्रजी ‘बुद्ध अँड हिज धम्म’चा २०१७ अखेर. खंडांतून प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाचा व अनुवादांचा हिशेब वेगळा आहे, हे ध्यानी असू द्यावे. पाली तिपिटकाचा देवनागरी पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने मोफत उपलब्ध केला आहे. तो खरा मजकूर असल्याने त्यात शब्द शोधता येतो. पानांची छायाचित्रे असलेल्या पीडीएफमध्ये तसे होत नाही आणि ती आकारानेही अवजड असते.

फाईल उतरल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि आपल्याकडे आलेला आकार जुळतो का, ही पहिली. शेवटचे पान आणि मधली पाच-दहा पाने उघडतात का, ही दुसरी. आमची त्या वर्षीची फाईल याच कसोटीवर पहिल्याच दिवशी सापडली असती. तिसरी म्हणजे फाईलचा ठसा. ‘सेव्हन-झिप’ हा मोफत प्रोग्राम बसविला की फाईलवर उजवी कळ दाबून तिचा शा-२५६ ठसा काढता येतो. फाईलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी हा चौसष्ट अक्षरांचा ठसा पार बदलतो. संकेतस्थळाने ठसा दिला नसेल, तर दोन ठिकाणी उतरविलेल्या प्रतींचे ठसे ताडून पाहावेत.

शाळेच्या संगणक कक्षात हे ग्रंथ आता दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले आहेत आणि प्रत्येक ग्रंथाचा ठसा एका वहीत हाताने लिहिला आहे. आठवी-नववीची मुले दर महिन्याला तो ताडून पाहतात. ज्यांना प्रती हव्यात त्यांनी रविवारी पेनड्राइव्ह घेऊन यावे. जुना फॅट-३२ पद्धतीचा पेनड्राइव्ह चालेल, मात्र त्यावर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही; त्यामुळे सगळा संग्रह एका झिपमध्ये न मागता खंड सुटे मागावेत.