जुन्या गोव्यातील इटालियन घुमट

बिबवेवाडीतून जुने गोवे पाहावयास जाणारी मंडळी बहुधा बॉम जेझूसमध्ये संत झेवियरचे दर्शन घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. वाटाड्यालाही जेवणाची घाई असते. माझी विनंती अशी की, त्याला तसाच पुढे, सें कॅथेड्रलवरून संत कायेतानच्या चर्चकडे घेऊन जावे.

हे चर्च थिएटाइन पंथाच्या इटालियन साधूंनी सतराव्या शतकात बांधले. त्यांना जावयाचे होते गोवळकोंड्यास. तेथे थारा मिळेना, म्हणून ते १६४० साली गोव्यात स्थिरावले. राजधानी पोर्तुगीजांची, पण यांनी नमुना घेतला तो रोमच्या सेंट पीटर्सचा.

‘ही त्याची हुबेहूब नक्कल,’ असे वाटाडा सांगेल. तेथे त्याला थांबवावे. घुमटाखाली उभे राहून वर पाहिले की साम्य पटते. परंतु बाहेर येऊन दर्शनी भिंतीच्या दोन बाजूंचे मनोरे पाहावेत. रोमलाही असे मनोरे उभारण्याचा बेत होता. बर्निनीने एक चढविलाही; पण भिंतीस तडे दिसू लागले आणि १६४६ साली तो उतरविण्याची आज्ञा झाली. मुळाला जे साधले नाही, ते नकलेत उभे आहे!

दगड मात्र आपल्या कोकणातला जांभा. तो सच्छिद्र, चुन्याचा गिलावा गेला की पावसाळे त्याला झिजवू लागतात. बॉम जेझूसचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला, आणि त्या उघड्या तांबड्या भिंतींची आपण वाखाणणी करतो. त्या पाहून झाल्यावर कायेतानची पांढरी भिंत जरा जवळून पाहावी.