हरवलेला रानपिंगळा सापडला, तोही आपल्याजवळ!

मैत्रिणींनो, हिममानव, तळ्यातला राक्षस असल्या गोष्टी तुम्हीही वाचल्या असतील. मला तर लहानपणापासून त्यांचं वेड! ‘स्वयंपाक सोडून हे काय वाचतेस?’ म्हणून घरचे चिडवतात. पण ‘न सापडलेला प्राणी’ म्हणजे दरवेळी थापच असते असं नाही. असाच एक आपल्या महाराष्ट्रात सापडला. त्याचं नाव रानपिंगळा.

आपल्या आसपास दिसतो त्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पोट पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे. उंची जेमतेम वीतभर. घुबडाच्या कुळातला असूनही हा पठ्ठ्या भर दिवसा शिकार करतो! १८७३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली, १८८४ मध्ये खानदेशात शेवटचा नमुना मिळाला, आणि मग शंभरावर वर्षं त्याचा पत्ता नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून नमुने होते अवघे सात.

त्यातला एक आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला, असं रिचर्ड माइनर्ट्झहेगन या इंग्रज पक्षीतज्ज्ञाचं म्हणणं. पुढे डॉ. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना नीट तपासला. उसवून पुन्हा शिवलेलं पोलकं आपल्या नजरेतून सुटतं का? तसंच झालं. पक्षी पुन्हा भरून शिवलेला निघाला. म्हणजे जुनाच नमुना चोरलेला, चिठ्ठी तेवढी नवी! ती चिठ्ठी बाजूला सारून बाई दोन सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात बघतात तर काय, रानपिंगळा समोर बसलेला! तब्बल ११३ वर्षांनी.

हिममानवाचं मात्र उलटं झालं. त्याचे म्हणून जपलेले केस, हाडं, दात असे नऊ नमुने शास्त्रज्ञांनी तपासले. २०१७ मध्ये निकाल आला: आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा!

तेव्हा मुलांनी अशी एखादी गोष्ट घरी आणली तर हसण्यावारी नेऊ नका. तीन प्रश्न विचारायला शिकवा. स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं? कुठे आणि कधी? पुरावा दुसऱ्याला तपासता येईल का? बाजारातली अर्धी फसवणूकसुद्धा याच प्रश्नांनी टळते.

आणि आता आपल्या भागाची बातमी. २०१४ मध्ये रानपिंगळा शहापूरजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपण बायका कल्याणला गाडी बदलून कसाऱ्याच्या लोकलनं आटगावला उतरलो की तानसा जवळच. सहल काढा, पण तिथे गोंगाट नको, आणि पक्ष्याच्या घरट्याजवळ तर जाऊच नका.

कारण हा पाहुणा परत आला असला तरी सुरक्षित नाही. सागाचं जंगल तुटतं, वणवे लागतात, शिवाय घुबड अशुभ म्हणून लोक दगड मारतात. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि दिवाळीच्या अमावास्येला त्याचाच बळी द्यायचा, ही कुठली रीत? घुबड पकडणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. दारात कुणी विकायला आणलं तर सरळ वनखात्याला कळवा. आणि रात्री खिडकीशी पिंगळा ओरडला तर पोरांना घाबरवू नका. त्याच्या हरवलेल्या भावाची ही गोष्ट सांगा.