चढावर उघडा पडणारा बिघाड : जुन्या मोटारीच्या निदानाविषयी

पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार उभ्या जागी सुरळीत चालू राहते, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने नेली तर तक्रारही करीत नाही, मात्र पुढचे वाहन ओलांडण्यासाठी किंवा चढ चढण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला की ती झटके खाते, दबते आणि प्रसंगी बंद पडण्याच्या बेतात येते, अशी तक्रार गॅरेजमध्ये वारंवार येते. कारागीर तिला ‘मिसिंग’ म्हणतात, म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधील स्फोट अधूनमधून चुकणे किंवा अपुरा होणे. गाडी गॅरेजच्या दारात उभी असताना हा दोष बहुधा दिसतच नाही आणि भार आल्याखेरीज तो उघडा पडत नाही, हेच या तक्रारीच्या निदानाला अवघड करणारे मूळ कारण आहे. म्हणूनच ज्या कारागिराला तो पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तेथे उत्पन्न करता येतो, त्याचे अर्धे काम पाना हाती घेण्यापूर्वीच झालेले असते.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस छावणी ओलांडली की लागणारे पडेगाव या कामासाठी भौगोलिकदृष्ट्या सोयीचे आहे. येथून निघालेला रस्ता मिटमिटा आणि शरणापूरवरून दौलताबादकडे जातो, किल्ल्याच्या तटबंदीतील दरवाजातून पुढे सरकतो आणि घाट चढून खुलताबाद व वेरूळ गाठतो. थोडक्या अंतरात सपाट रस्ता, रहदारीची थांबचाल आणि सलग चढ असे तीनही प्रकार मिळत असल्यामुळे, गाडी कोणत्या अवस्थेत अडखळते हे एकाच फेरीत पाहता येते. वाळूज आणि शेंद्रा येथील वाहन व सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांमुळे या शहरात यंत्रकामाची जाण असलेल्या हातांची वाण नाही. शिवाय ‘एमएच 20’ मालिकेतील जुन्या मारुती 800 आणि ओम्नी अजूनही रस्त्यावर दिसतात, कारण खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असली तरी योग्यता तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकांच्या हाती आलेली आणि जानेवारी 2014 पर्यंत बनत राहिलेली मारुती 800 ही येथे उदाहरणादाखल घेण्यास सर्वांत योग्य, कारण तिचे 796 घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन साधे आहे, आणि 2000 च्या सुमारास इंधन-फवारणी येईपर्यंत ती कार्बोरेटरवर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून त्याचे मिश्रण करणाऱ्या उपकरणावर, चालत असे.

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या आत नेमके काय बदलते, हे समजल्याशिवाय पुढील तपासणीचा अर्थ लागत नाही. पायाने दाबलेली तार थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरील झडप, उघडते, आणि हवा हलकी असल्यामुळे ती तत्काळ आत धावते. पेट्रोल मात्र जड असल्याने मागे राहते, त्यातच आतील निर्वात एकदम कमी झाल्यामुळे त्याची वाफ होण्याचे प्रमाण घटते आणि त्याचा काही भाग नळीच्या भिंतींना चिकटून बसतो. परिणामी, इंजिनाला अधिक पेट्रोलाची गरज असते नेमक्या त्याच क्षणी मिश्रण विरळ होते. दुसरीकडे, सिलिंडरमध्ये अधिक हवा भरल्यामुळे दाब वाढतो आणि दाबाखालील वायूतून ठिणगी उडविण्यासाठी अधिक विद्युत्दाब लागतो. म्हणजे वेग घेण्याच्या क्षणी इंधन आणि ठिणगी या दोन्ही व्यवस्थांची एकाच वेळी परीक्षा होते, आणि दोहोंपैकी जी दुबळी असेल ती नापास होते. जुन्या गाड्यांच्या धुराची पीयूसी चाचणी इंजिन निष्क्रिय फिरतीवर ठेवून केली जात असल्यामुळे, प्रमाणपत्र मिळविलेली गाडीही घाटात झटके खाऊ शकते, ही गोष्ट अनेक मालकांना कोड्यात टाकते. पण वरील कारण लक्षात घेता तिच्यात विसंगत काही नाही.

तपासणीचा पहिला टप्पा प्रश्नांचा असतो, आणि चांगला कारागीर त्याला पुरेसा वेळ देतो. पाय दाबताक्षणी गाडी क्षणभर गप्प होऊन मग उचलते की पाय दाबून ठेवला असेपर्यंत सतत झटके देते, की चांगली चार-पाच किलोमीटर पळाल्यावर हळूहळू ताकद सोडते, या तीन प्रकारांतील भेद मालकाकडून काढून घेणे महत्त्वाचे, कारण तिन्हींची कारणे बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. दाबताक्षणीची खोट कार्बोरेटरमधील प्लंजर या छोट्या पंपाकडे बोट दाखविते, भार असेपर्यंत टिकणारे तीक्ष्ण झटके ठिणगीकडे, आणि उशिरा येणारी दमछाक टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या पुरवठ्याकडे. हे नियम निरपवाद नाहीत, परंतु शोध कोठून सुरू करावा एवढे सांगण्यास पुरेसे आहेत. याच वेळी झटका खरोखर इंजिनाचा आहे काय, हेही ठरवावे लागते, कारण इंजिनाला आधार देणारे रबरी माउंटिंग तुटले असेल तरी वेग घेताना संपूर्ण गाडीला हिसका बसतो, आणि मालक त्यालाही मिसिंगच समजतो.

यानंतरची फेरी दौलताबादच्या दिशेने जाते. कारागीर शेजारी बसून ऐकण्याऐवजी स्वतः गाडी चालविणे पसंत करतो, कारण झटका पायाला आणि हाताला आधी कळतो. तिसऱ्या गियरमध्ये वेग कमी ठेवून चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनावर सर्वाधिक भार येतो आणि दडलेला दोष पृष्ठभागावर येतो. त्याच ठिकाणी पाय अर्धा सोडल्यावर झटके थांबतात काय, चोक थोडा ओढून मिश्रण दाट केल्यावर फरक पडतो काय, हे पाहिले जाते. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत आहे असा अर्थ घ्यावा, आणि काहीच फरक पडला नाही तर ठिणगीचा संशय बळावतो. साध्या बटणाने मिळणारा हा पुरावा फार मोलाचा आहे, कारण एकही भाग न उघडता तो संशयाचे क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणतो.

ठिणगीची तपासणी प्लगपासून सुरू होते. काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढुरके असेल तर विरळ, काजळी धरली असेल तर दाट, असा साधारण अर्थ लावतात. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर कार्बोरेटरला दोष देता येत नाही, कारण कार्बोरेटर तिन्ही सिलिंडरांना एकच मिश्रण पुरवितो. झिजून अंतर वाढलेला प्लग निष्क्रिय फिरतीवर निभावून नेतो आणि दाब वाढताच हार मानतो. प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड तारांवरील इन्सुलेशन तडकले असेल तर वीज आत उडी घेण्याऐवजी बाहेरच्या धातूवर घेते. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून कोणीतरी रेस देत असताना पाहिले तर निळसर ठिणग्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तीन सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर एकाच कॉइलला, म्हणजे विजेचा दाब ठिणगी उडण्याइतका वाढविणाऱ्या भागाला, सेकंदाला 75 ठिणग्या पुरवाव्या लागतात, त्यामुळे आतून कमजोर झालेली कॉइल थंड असताना चांगली आणि अर्ध्या तासाने तापल्यावर वाईट वागते.

या सर्वांत अधिक बारकाईने पाहण्यासारखा भाग डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे कॉइलची वीज क्रमाने प्रत्येक प्लगकडे वाटणाऱ्या यंत्राचा. गॅरेजमध्ये त्याला सर्रास डेल्को म्हणतात. इंजिनावरील भार बदलला की ठिणगी थोडी आधी किंवा नंतर पडावी लागते, आणि त्यासाठी डेल्कोच्या आत एक फिरती चकती असते, जिला कार्बोरेटरच्या निर्वाताने ओढला जाणारा रबरी पडदा हलवितो. पडदा फाटला आहे काय हे पाहण्यासाठी कारागीर त्याची बारीक नळी तोंडात धरून हवा ओढतो आणि टोकाला जीभ लावून थांबतो. जीभ चिकटून राहिली तर पडदा धड, सुटली तर फाटलेला. सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्कबिंदू, असलेल्या जुन्या गाड्यांत याच चकतीला जोडलेली एक बारीक, विणलेली, लवचिक तार असते. चकती वर्षानुवर्षे मागेपुढे होत राहिल्याने या तारेचे तंतू आतल्या आत तुटतात, बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. निष्क्रिय फिरतीवर चकती हलत नाही, म्हणून जोड टिकतो. थ्रॉटल उघडताच चकती फिरते, तार ताणली जाते, जोड सुटतो आणि गाडी झटका खाते. उभ्या गाडीत मल्टिमीटर लावला तर तार निर्दोष ठरते, म्हणून मीटर लावलेला ठेवून चकती बोटाने फिरवावी लागते. नवे प्लग, नवी कॉइल, कार्बोरेटरची दुरुस्ती असा खर्च एकामागून एक झाल्यानंतर दोष या वीतभरही नसलेल्या तारेत सापडतो, तेव्हा निदानाचा क्रम चुकल्याची किंमत मालकाने भरलेली असते.

पेट्रोलच्या बाजूने प्लंजरची परीक्षा सर्वांत सोपी आहे. प्लंजर म्हणजे कार्बोरेटरमधील छोटा पंप, जो थ्रॉटल उघडताक्षणी जादा पेट्रोलची पिचकारी मारून वर सांगितलेली विरळता भरून काढतो. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, बॅटरीच्या प्रकाशात कार्बोरेटरच्या गळ्यात पाहत थ्रॉटल हाताने उघडले की पेट्रोलची बारीक धार लगेच दिसली पाहिजे. ती उशिरा आली, थेंबाथेंबाने आली किंवा आलीच नाही, तर प्लंजरचा पडदा गेला आहे किंवा त्याची वाट तुंबली आहे. तुंबलेले जेट, म्हणजे मोजून पाडलेली बारीक छिद्रे, तारेने टोकरण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी चुकीची आहे, कारण मऊ पितळेतील छिद्र त्यामुळे मोठे होते आणि मूळचे मोजमाप कायमचे बिघडते. जेट हवेच्या दाबानेच साफ करावेत.

उशिरा येणाऱ्या दमछाकीसाठी गाडी ‘बाटलीवर’ चालवून पाहतात, म्हणजे टाकी, नळी आणि पंप वगळून बॉनेटखाली टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल थेट कार्बोरेटरला देतात. गाडी सुधारली तर दोष वगळलेल्या भागात आहे हे सिद्ध होते. तापलेल्या इंजिनाशेजारी उघडे पेट्रोल ठेवण्याची ही पद्धत धोक्याची आहे आणि चालत्या गाडीत ती टाळलीच पाहिजे. पंपाची नळी सोडून भांड्यात धरणे आणि स्टार्टर मारून धार जोरकस व अखंड येते काय ते पाहणे अधिक सुरक्षित, अर्थात तेव्हाही आसपास ठिणगी नको. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी हेच लक्षण उद्भवते, कारण पेट्रोल खर्च होईल तसा टाकीत निर्वात तयार होतो; अडखळलेल्या गाडीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर आणखी पुरावा लागत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, आणि पंपावर ओले फडके टाकल्यावर गाडी पूर्ववत झाली तर तोच उपाय निदानही ठरतो.

अलीकडे या जुन्या गाड्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात फेब्रुवारी 2023 पासून विक्रीस आले आणि त्यानंतर त्याचा प्रसार वेगाने झाला. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 भागच पुरते; म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी मोजलेल्या जेटमधून मिश्रित इंधन गेले की मिश्रण आपोआप विरळ होते. इंधन-फवारणीच्या गाडीतील संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ही तूट भरून काढतो. कार्बोरेटरला ते ज्ञान नाही. भरीस इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबराला फुगविते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून फिल्टरकडे धाडते. उसाच्या या राज्यात इथेनॉलचे आर्थिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, परंतु जुन्या गाडीच्या मालकाला नळ्या बदलण्याचा, फिल्टर लवकर पाहण्याचा आणि मिश्रण पुन्हा जुळविण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत मिळायला हवा.

फवारणीच्या जुन्या गाड्यांची तपासणी स्कॅनरमुळे सोपी झाली असे मानले जाते, आणि ते अंशतः खरे आहे. मात्र थ्रॉटल किती उघडले हे सांगणाऱ्या सेन्सरची पट्टी एका जागी झिजली असेल तर त्या बिंदूपुरताच संकेत तुटतो, आणि एवढ्या क्षणिक तुटीची नोंद संगणक दरवेळी ठेवतोच असे नाही. थ्रॉटल अगदी सावकाश उघडत व्होल्टमीटरचा काटा अखंड चढतो की मध्येच दचकतो, हे डोळ्यांनी पाहणेच तेथे उपयोगी पडते.

या सर्व कामाचा मोबदला कसा मोजला जातो, हा प्रश्न तांत्रिक प्रश्नांइतकाच गंभीर आहे. ग्राहक बदललेल्या भागाचे पैसे विनातक्रार देतो, कारण जुना भाग त्याच्या हाती ठेवता येतो. दोन तासांच्या शोधानंतर सापडलेल्या तुटक्या तारेचे आणि एका जोडाचे पैसे मागितले तर मात्र घासाघीस सुरू होते. अशा व्यवहारात, नेमका दोष शोधणाऱ्यापेक्षा संशयित भाग एकामागून एक बदलणाऱ्याची कमाई अधिक होते, आणि शिकाऊ मुले साहजिकच भाग बदलण्याची वाट धरतात. पडेगावच्या रस्त्यावर जे कारागीर तपासणीची मजुरी वेगळी सांगतात, ती आधीच ठरवून घेतात आणि दुरुस्तीनंतर मालकाला शेजारी बसवून त्याच चढावर, त्याच गियरमध्ये गाडी पुन्हा चालवून दाखवितात, त्यांची पद्धत इतरांनी उचलण्याजोगी आहे. कारण झटका जेथे आला होता तेथे तो आता येत नाही, याखेरीज या दुरुस्तीचा दुसरा पुरावा मालकाला देता येत नाही.