उसाच्या फडातील जखम

साधी जखम माणसाचा जीव कशी घेते, हा आजचा विषय. आम्ही वैद्य नव्हे. पण सातारा-सांगलीकडील कामगारांत वावरणाऱ्यास जखमांचे ज्ञान करून घ्यावेच लागते.

गळिताच्या हंगामात बीडकडील टोळ्या कृष्णाकाठच्या फडांत उतरतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसाला! पाचटाने पोटऱ्या ओरबाडतात, बुडखा टाचेत घुसतो. एवढ्याशा वाटेने स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आत शिरतो. कधी अनेक जातींचे जंतू मिळून शिरतात. कातडीखाली, स्नायूंवर जो पापुद्रा असतो त्याच्या कडेने ते झपाट्याने पसरतात. तेथील बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजतात नि मांस मरते. जेथे रक्तच पोचत नाही तेथे रक्तातून जाणारे औषध कसे पोचावे? म्हणून नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. मेलेले मांस शस्त्राने काढावेच लागते, तेही तासांच्या हिशेबाने. ‘नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस’ हे नाव 1952 साली विल्सन या शस्त्रवैद्याने रूढ केले. रोग मात्र जुनाच.

वरून जखम क्षुल्लक, पण वेदना असह्य, ही पहिली खूण. मागून सूज, ताप, काळीनिळी कातडी, फोड, भ्रम. कधी वेदना एकाएकी थांबते नि घरचे म्हणतात, उतार पडला! वास्तविक तेथील मज्जातंतू मेलेले असतात.

हा रोग फार थोड्यांना होतो. मधुमेही, यकृत वा मूत्रपिंड बिघडलेले, दारूने पोखरलेले, वृद्ध यांना धोका अधिक. धडधाकटही अगदीच सुटत नाहीत. मधुमेह्याला तर पायात काटा रुतलेला कळतही नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तसल्या गटारमिश्रित पाण्यात उघडी जखम घेऊन उतरणे धोक्याचेच.

मजुराला हे सांगून काय उपयोग, असे कोणी विचारील. अंगावर उचल असते. एक दिवस बसला की ‘खाडा’ म्हणून पैसे कापतात. जंतूइतकेच हे कापणेही आम्ही रोगाचे कारण मानतो.

जखमेत चुना-तंबाखू भरू नये, साबणपाण्याने धुवावी. लाली दिसताच तिच्या कडेने पेनने रेघ ओढावी. तासा-दोन तासांत लाली रेघेबाहेर गेली, किंवा न जाताही वेदना सोसवेना, तर रात्र असली तरी सिव्हिल गाठावे. 108 ची गाडी फुकट येते.