सात वॅटचा आवाज

रात्री घरात लावायच्या लहान दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढ्या शक्तीवर आपले बोलणे शेकडो मैल जाईल असे कोणी म्हटले, तर आपण हसाल. पण हौशी नभोवाणीचे लोक हे रोज करतात. आणि त्यांतले कित्येक जण आपला संच स्वतःच्या हाताने जोडतात.

अशा संचाचा ‘बिटेक्स’ नावाचा आराखडा हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास सिद्ध केला. खास परदेशी भाग मिळवायचे म्हणजे खर्च आणि खटाटोप. म्हणून त्यांनी बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर घेतले, आणि तारेची वेटोळी गुंडाळायला चक्क नळाचे वायसर वापरले!

खरी खुबी पुढेच आहे. आकाशातून येणाऱ्या असंख्य लहरींतून हवी तेवढीच निवडायला स्फटिकांची चाळणी लागते. आपण बोलतो तेव्हाही लहरीची नको असलेली बाजू गाळायला तशीच चाळणी लागते. मग चाळण्या दोन कशाला? ओढ्यावरच्या एकाच साकवावरून माणसे सकाळी शेताकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात. तशी इथे एकच चाळणी दोन्ही दिशांनी राबते. निम्मे भाग वाचले, खर्चही वाचला.

जोडणी करताना तारेवरचे रोगण टोकांशी नीट खरवडा, नाहीतर झाळ धरत नाही. शेवटच्या शक्तिवर्धक ट्रान्झिस्टरची पाठ धातूची असते आणि तिच्यात वीज खेळते. तिच्यात व उष्णता शोषणाऱ्या पत्र्यात अभ्रकाचा तुकडा घालायलाच हवा. बोलण्याची पहिली चाचणी एरियलवर करू नये. दोनशे ओहमचे, दोन वॅटचे चार कार्बन रोधक समांतर जोडा. पन्नास ओहमचा भार तयार होतो. शक्तीला जायला वाट नसेल तर ती उलटते आणि ट्रान्झिस्टर जाळते.

एरियलचे गणित गुरुजींनी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ३०० ला ७.१ ने भागा: लहर सुमारे ४२ मीटर. निम्मी २१, टोकांच्या परिणामासाठी शेकडा पाच वजा करा, राहिली २०. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. दोन उंच झाडे असली की काम झाले.

बारा व्होल्टची बॅटरी पुरते, ही गोष्ट लहान नव्हे. १९९९ च्या ओरिसातील महावादळात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात तारा तुटल्या, दिवे गेले, तेव्हा अशाच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले.

मात्र केंद्र सरकारचा परवाना हाती येण्यापूर्वी संचाला हात घालू नका. त्यासाठी परीक्षा असते. विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला ती जड जाऊ नये.