विश्लेषण : ‘कमी सरकार’ म्हणत नगराध्यक्षपद जिंकता येईल का?

डिसेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील ११ नगरपरिषदा आणि नेवासा नगरपंचायतीची निवडणूक झाली. प्रचाराच्या रिक्षांवर पक्ष बदलत होते, चेहरे बदलत होते, पण मुद्दा एकच होता : निधी. कोणी किती आणला, कोण किती आणणार आणि कोणाची मंत्रालयात किती ओळख.

समजा, अशा गावात एक उमेदवार उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी निधी आणण्याचे आश्वासन देणार नाही. तुमची घरपट्टी कमी करीन, परवान्यांसाठीचे हेलपाटे कमी करीन, हातगाडीवाल्याला उठवणार नाही आणि नगरपरिषदेला नको त्या उद्योगातून बाहेर काढीन.’ अमेरिकेत अशा विचाराला ‘लिबरटेरियन’ म्हणतात आणि तिथे त्याच नावाचा पक्ष १९७१ पासून आहे. आपल्याकडे हा उमेदवार वेडा ठरेल की निवडून येईल? आणि आला तर त्याला यातले काय करता येईल?

हा विचार नगर जिल्ह्याला नवा आहे का?

अजिबात नाही. फक्त तो इथे शहराच्या वाटेने आला नाही, शेताच्या बांधावरून आला.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. जमीन सरकारच्या छत्राखाली जाणार, या भीतीतून त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द राजाजींचा. १९६७ मध्ये पक्षाचे ४४ खासदार निवडून आले, १९७४ मध्ये पक्ष विसर्जित होऊन भारतीय लोकदलात गेला. यातले मसानी १९४३ मध्ये मुंबईचे महापौर होते. त्याआधी ते काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते, ही गंमत वेगळी.

पुढचा अध्याय शरद जोशींचा. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतलेल्या या माणसाने शेतकरी संघटना उभी केली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा. अनुदान नको, बाजार मोकळा ठेवा, सरकारने वाटेतून बाजूला व्हावे, हा तिचा गाभा. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावात राजाजींच्या पक्षाची आठवण होतीच. २००४ मध्ये या पक्षाकडून वामनराव चटप राजुऱ्यातून आमदार झाले, त्याच वर्षी जोशी राज्यसभेत गेले.

या परंपरेचा आजचा एक ठळक चेहरा नगर जिल्ह्यातलाच आहे. श्रीगोंदा तालुक्यातील अनिल घनवट हे शेतकरी संघटनेचे अध्यक्ष राहिले आणि कृषी कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीचे सदस्य होते. कायदे मागे घेतल्यावर समितीचा अहवाल त्यांनीच मार्च २०२२ मध्ये जाहीर केला.

पण हाच जिल्हा सहकाराचाही आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यापाठोपाठ कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षण संस्था यांचे जाळे तालुक्यातालुक्यात विणले गेले. त्यामुळे इथला मतदार दोन्ही भाषा बोलतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा ‘सरकारने बाजारात हात घालू नये’ हे पारनेर-राहुरीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. मे २०२४ पर्यंत ती बंदी टिकली. तोच शेतकरी कारखान्याच्या निवडणुकीत मात्र पॅनल पाहून मतदान करतो.

पक्ष काढायचा तर समाजवादाची शपथ?

होय. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा नमूद करावी लागते. ही तरतूद १९८९ पासून लागू आहे. स्वतंत्र पक्ष पुन्हा उभा करू पाहणाऱ्या एस. व्ही. राजू यांनी १९९०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून ‘समाजवाद’ हा शब्द काढण्याचा प्रयत्न केला. शब्द जागेवरच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या उद्देशिकेतील ‘समाजवादी’ शब्दही कायम ठेवला.

म्हणजे पक्ष म्हणून यायचे तर आधी न पटणाऱ्या तत्त्वाशी निष्ठा लिहून द्यायची. अपक्षाला ही अडचण नाही, त्याची निष्ठा फक्त राज्यघटनेशी. गावपातळीवर अशा उमेदवाराला अपक्ष राहणेच सोयीचे, ते यामुळेही.

नगराध्यक्षाच्या हातात नेमके काय असते?

इथे प्रचाराची खरी परीक्षा आहे. थेट जनतेतून निवडलेला म्हणून नगराध्यक्ष गावचा मुख्यमंत्री वाटतो. ही थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. अधिकार मात्र महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ मधून येतात आणि तिथे चित्र बरेच साधे आहे.

प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते. तो राज्य सरकारचा अधिकारी असतो. नेमणूक आणि बदली मंत्रालयातून होते, गावातून नाही. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान घेतो, विषयपत्रिकेवर त्याचा शब्द चालतो, कामकाजावर देखरेख ठेवतो. पण कर असो की ठेका, ठराव सभागृहातच व्हावा लागतो आणि तिथे बहुमत नगरसेवकांचे असते. मतदार नगरपरिषदेत साधारण तीन मते देतो, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातील नगरसेवकांना. ती एकाच बाजूला पडतीलच असे नाही. ठराव झालाच तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

शिवाय पाणी, दिवाबत्ती, सफाई, अग्निशमन, जन्म-मृत्यू नोंद ही कामे कायद्याने बंधनकारक आहेत. ‘नगरपरिषद हे काम करणार नाही’ असे म्हणण्याची मुभाच नाही. फार तर ‘स्वतः करणार नाही, ठेक्याने देईल’ एवढे म्हणता येते. आणि कचरा संकलनाचे ठेके तर गावोगाव आधीच आहेत. ठेका दिला म्हणजे खासगीकरण झाले, पण स्पर्धा आलीच असे नाही, हे निविदा उघडण्याच्या दिवशी नगरपरिषदेच्या आवारात थांबलेल्या कोणालाही ठाऊक असते.

घरपट्टी कमी करता येईल का?

‘कमी कर’ हे या विचाराचे सर्वांत लोकप्रिय आश्वासन. तेच पूर्ण करायला सर्वांत अवघड.

घरपट्टीच्या बिलातला प्रत्येक रुपया नगरपरिषदेचा नसतो. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर ती राज्यासाठी गोळा करते. त्याला हात लावता येत नाही. उरलेल्या भागाचा दर सभागृह ठरवते, पण १५व्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अटच घातली होती, की राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करावा. लहान शहरांच्या या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. म्हणजे दर खाली ओढण्याच्या नादात पाणीयोजनेचा पैसा अडकण्याचा धोका.

दुसरी गाठ जकातीची. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. नाक्यावर ट्रक अडवून वसूल होणारा तो कर गेला, तेव्हा व्यापाऱ्यांना दिलासा मिळाला. खुल्या बाजाराचे समर्थकही दुसरे काय मागत होते? पण जकातीच्या जागी आले राज्याचे सहायक अनुदान. कर कमी झाला आणि नगरपरिषद मुंबईवर जास्त अवलंबून झाली. ‘निधी आणणारा नगराध्यक्ष हवा’ ही आजची भाषा काही अंशी त्या निर्णयाचे अपत्य आहे. कमी सरकार हवे म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा : खालचे सरकार लहान झाले की वरचे मोठे होते.

एक जागा मात्र आहे. थकीत घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४ टक्के. गृहकर्जाचा दर याच्या निम्म्याहूनही कमी असतो. ही शास्ती माफ करण्याचा अधिकार नगरपरिषदेला नव्हता, त्यासाठी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाला कायद्यात दुरुस्तीचा निर्णय घ्यावा लागला. दहा हजारांची थकबाकी पाच वर्षांत दुप्पट होऊन वर दोन हजार चढतात, हे साधे गणित कोपरा सभेत सांगितले, तर ‘स्वातंत्र्य’ या शब्दापेक्षा जास्त लोक ऐकतील.

मग प्रचारात मांडण्यासारखे काय उरते?

बरेच. आणि त्यातले पुष्कळसे कायद्यात आधीच आहे, फक्त गावापर्यंत पोहोचलेले नाही.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन माहिती कळवली की पुरे. दुकान वर्षभर, रात्रंदिवस उघडे ठेवता येते (मद्यविक्रीसारखे अपवाद वगळून). डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नकाशा आणि शुल्क दिले, की मिळालेली पोच हाच परवाना. म्हणजे दीड गुंठ्याच्या घरासाठी टेबलाटेबलावर फिरण्याचे कारण उरत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न हातगाडी आणि टपरीचा. पथविक्रेता अधिनियम २०१४ म्हणतो, सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला उठवायचे नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे. ४० हजारांच्या गावात हे एक हजार विक्रेते होतात, म्हणजे कुटुंबे धरून तीन-चार हजार माणसांचे पोट. समितीचा अध्यक्ष पुन्हा मुख्याधिकारीच. पण ‘सर्वेक्षण झाले का, यादी लावा’ असा प्रश्न नगराध्यक्ष दर सभेत विचारू शकतो, आणि विचारणारा माणूस खुर्चीत असला की फरक पडतो.

अडचण अशी, की इथेच या उमेदवाराचे दोन हक्काचे मतदार एकमेकांसमोर उभे राहतात. मुख्य पेठेतला दुकानदार भाडे भरतो, घरपट्टी भरतो, आणि त्याच्या दारात हातगाडी लागते. त्यालाही स्वातंत्र्य हवे आहे, गाडीवाल्यालाही. मोकळ्या बाजाराचे तत्त्व दोघांना सारखेच लागू असले, तरी रस्ता एकच आणि तो बहुधा वीस फुटी.

पैसा आणि माणसे कुठून येणार?

डिसेंबरच्या निवडणुकीत ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदासाठी खर्चमर्यादा ११ लाख २५ हजार रुपये होती, ‘क’ वर्गात साडेसात लाख. ४० हजार मतदार धरले तर पहिला आकडा माणशी २८ रुपये होतो. कागदावर ही लढत साध्या माणसाच्या आवाक्यातली आहे. कागदाबाहेरचा हिशेब गावाला माहीत असतो.

त्याआधी पदाच्या आरक्षणाची सोडत. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ती मुंबईत निघाली आणि वर्षभर तयारी केलेल्या अनेकांचे गणित चिठ्ठीने बदलले. या विचाराच्या माणसाला हे खटकणारच. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ असे मंजूर झाले, ते एकमेव विरोधी मत शरद जोशींचे होते. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणाऱ्या नेत्याचे ते मत होते. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर, मतदारसंघ फिरते ठेवण्यावर होता. गावात एवढा फरक समजावून सांगायला पंधरा दिवसांचा प्रचार पुरत नाही.

पक्षचिन्हाशिवाय जिंकता येते, हे मात्र संगमनेरने नुकतेच दाखवले. तिथे संगमनेर सेवा समिती या स्थानिक आघाडीकडून डॉ. मैथिली तांबे नगराध्यक्ष झाल्या. पण त्या विजयामागे अनेक वर्षांची सत्ता, संस्था आणि घरोघरचा संपर्क होता. नुसत्या विचारावर उभ्या राहिलेल्या उमेदवाराकडे यातले काहीच नसते.

बाहेर प्रयोग झाले, त्यांचे काय?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील सँडी स्प्रिंग्ज हे शहर २००५ मध्ये स्थापन झाले, तेच पोलीस आणि अग्निशमन वगळता जवळपास सारा कारभार खासगी कंपनीकडे सोपवून. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०१९ मध्ये शहराने बहुतेक कामे परत स्वतःकडे घेतली. कारण विचारसरणीचे नव्हते. पाच वर्षांत सुमारे १.४ कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब निघाला होता. न्यू हॅम्पशायरमधील ग्राफ्टन या छोट्या गावात २००४ पासून देशभरातील लिबरटेरियन राहायला आले आणि त्यांनी गावाच्या खर्चाला कात्री लावली. पुढे रस्त्यांची दुरुस्ती रखडली आणि कचरा, अन्न उघड्यावर राहू लागल्याने अस्वले वस्तीत शिरू लागली.

आपल्याकडे अस्वलांचा प्रश्न नाही. मोकाट जनावरे आणि कुत्र्यांचा आहे, आणि ती धरायला जी गाडी येते, ती नगरपरिषदेचीच असते.

जिल्ह्यात पुढची संधी अकोले, कर्जत आणि पारनेर नगरपंचायतींची आहे. तिथली मागील निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली, त्यामुळे मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. नगरपंचायतीत १७ प्रभाग, एका प्रभागात एक सदस्य आणि नगराध्यक्षपदाची सध्याची खर्चमर्यादा सहा लाख. तिथे त्या वेळी नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडला होता. या वेळी मतदार थेट निवडतील.